भारी पत्ते हातात असताना पॉट कसा वाढवावा

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाला दोन पाने, टेबलावर सर्वांसाठी पाच) कॅश गेममध्ये, म्हणजे स्पर्धेऐवजी सुट्या डावांच्या खेळात, नुकसान वाईट पत्त्यांमुळे होते, असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या अनुभवात मात्र नवख्या खेळाडूचे सर्वांत मोठे नुकसान उत्तम पत्ते हातात असताना होते आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही, कारण जे मिळाले नाही ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही. भारी पत्ते आले की ते लपवण्याकडेच मनाचा ओढा असतो. ही सवय किती महाग पडते आणि तिच्या जागी काय करावे, हे येथे आकडे मांडून सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी खेळ कोठे खेळायचा हे स्पष्ट केले पाहिजे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने देशभर बंदी आणली. आमच्या पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असली, तरी १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे जुगार खेळण्यास मज्जाव आहे. म्हणून मी जे लिहितो आहे ते फुकटच्या चिपा वापरून चालणाऱ्या ऑनलाइन टेबलांसाठी आहे. गणित तेथेही तेच असते, आणि चुकीची किंमत केवळ चिपांत मोजावी लागते, ही शिकणाऱ्याची सोयच आहे. चवथीला फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी जागरणाच्या रात्री पत्ते पूर्वापार चालतात. अलीकडे जे घरी येऊ शकत नाहीत ते पुण्याहून आणि बेळगावाहून अशाच एका खासगी टेबलावर बसतात. त्या टेबलावरचा एक डाव मी पूर्ण टिपून ठेवला आहे.

ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी आधीच भरायच्या सक्तीच्या पैजा, ५० आणि १०० होते; माझ्याकडे आणि मावसभावाकडे प्रत्येकी १०,००० चिपा होत्या. डीलरच्या जागेवरून मी इस्पिक आणि चौकट अठ्ठी घेऊन पैज ३०० केली, लहान ब्लाइंड बाहेर पडला आणि मोठ्या ब्लाइंडवरच्या मावसभावाने कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ६५० चा झाला. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, राजा, अठ्ठी आणि तिर्री अशी तीन वेगवेगळ्या रंगांची पाने आली. तीन अठ्ठ्यांचा सेट हाती होता. त्याने पैज न लावता चेक केले आणि तो पळून जाऊ नये म्हणून मीही चेक केले. टर्नवर (चौथ्या पानावर) ३०० आणि रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) ५०० ची पैज लावली, त्याने दोन्ही वेळा कॉल करून राजा-राणी दाखवले, आणि एवढ्या भारी हातावर मला फ्लॉपनंतर त्याच्याकडून ८०० चिपा मिळाल्या. डाव संपल्यावर तो म्हणाला की राजाची जोडी जुळल्यावर तिन्ही फेऱ्यांत तो सोडून जाणार नव्हता.

आता हाच डाव कागदावर मांडून पाहू. पॉट ६५० आहे आणि प्रत्येक फेरीत पॉटइतकीच पैज लावली व समोरच्याने कॉल केले, तर फ्लॉपवर ६५०, टर्नवर १,९५० आणि रिव्हरवर ५,८५०, म्हणजे एकूण ८,४५० चिपा त्याच्याकडून येतात. प्रत्येक वेळी पॉटच्या दोन तृतीयांश पैज लावली, तर साधारण ४३०, १,००० आणि २,३४० मिळून ३,७७० होतात. निम्म्या पॉटच्या पैजेने ३२५, ६५० आणि १,३०० असे २,२७५ मिळतात. आणि फ्लॉपवर चेक करून उरलेल्या दोन फेऱ्यांत पूर्ण पॉटची पैज लावली, तरी ६५० आणि १,९५० मिळून २,६०० च हाती लागतात. या आकड्यांकडे थांबून पाहावे. फ्लॉपवरची पैज दिसायला ६५० ची आहे, पण ती गाळली की शेवटी ५,८५० कमी होतात, कारण प्रत्येक फेरीची पैज आधीच्या फेरीने वाढवलेल्या पॉटावर बेतलेली असते. पॉट चक्रवाढ व्याजासारखा वाढतो, आणि चक्रवाढीत पहिले वर्ष गमावणे सर्वांत महाग पडते. गमावलेली फेरी रिव्हरवर भरून काढायची म्हटली, तर उरलेल्या दोन्ही फेऱ्यांत पॉटच्या सव्वादोन पटींहून मोठी पैज लावल्यावरच पूर्ण स्टॅक (खेळाडूपुढच्या साऱ्या चिपा) आत जाईल, आणि एवढ्या पैजेला राजा-राणी घेऊन कॉल करणारा क्वचितच भेटतो. तोच खेळाडू प्रत्येक फेरीत पॉटइतकी किंवा थोडी कमी पैज मात्र सहज भरतो.

म्हणून फ्लॉप उघडला की माझा पहिला हिशेब एकच असतो: पॉट किती, मागे स्टॅक किती, आणि तीन फेऱ्यांत तो सगळा आत जाण्यासाठी प्रत्येक वेळी पॉटच्या किती पट पैज लागेल. वरच्या डावात ६५० च्या पॉटामागे ९,७०० होते, म्हणजे जवळजवळ १५ पट; तेथे तिन्ही वेळा पॉटइतकी पैज लागते. फ्लॉपपूर्वी रेझवर (वाढवलेल्या पैजेवर) पुन्हा रेझ झालेली असेल, समजा दोघांनी प्रत्येकी १,००० घातले आणि लहान ब्लाइंडचे ५० पडून आहेत, तर पॉट २,०५० आणि मागे ९,००० उरतात. आता तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या निम्म्याहून थोडी अधिक, सुमारे ५७ टक्के पैज पुरते. नवख्या खेळाडूंकडून येथे उलटे घडते: साध्या पॉटात ते लहान पैज लावून अर्धा स्टॅक मागे ठेवतात आणि फुगलेल्या पॉटात एकदम सगळे ढकलून समोरच्याला घाबरवतात. स्टॅक आणि पॉट यांचे प्रमाण आधी पाहिले, तर दोन्ही चुका टळतात. हा हिशेब पूर्ण स्टॅकवर बसणाऱ्यालाच लाभतो, ही गोष्टही ओघाने येते. टेबलावर ४,००० चिपा उरल्या असताना सेट लागला, तर १०,००० वाल्याकडूनही ४,००० च मिळतील, म्हणून ॲपमध्ये स्टॅक आपोआप पूर्ण भरण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

पैज किती लावायची हे ठरले. ती कॉल कोण करणार, हा पुढचा प्रश्न आहे, आणि येथे पत्ते मोजावे लागतात. राजा-अठ्ठी-तिर्रीच्या फ्लॉपवर माझ्याकडे अठ्ठ्यांचा सेट असेल, तर गड्डीत तीन राजे शिल्लक असतात. एक्का-राजा १२ प्रकारे, राजा-राणी १२ प्रकारे आणि राजा-गुलाम १२ प्रकारे संभवतात. मला कॉल करू शकणारे असे ३६ हात समोर असू शकतात, आणि मला हरवणारा राजांचा सेट केवळ ३ प्रकारे होतो. याच फ्लॉपवर माझ्याकडे राजांचा सेट असेल तर मी नक्कीच पुढे आहे, पण राजा एकच उरला, म्हणून तेच तीन हात प्रत्येकी ४ प्रकारे, एकूण १२ वेळाच संभवतात. मधला सेट वरच्या सेटपेक्षा अधिक वेळा पैसे मिळवून देतो, ते यामुळे. हातातील पत्ता समोरच्याचा पत्ताही अडवून ठेवतो, ही गोष्ट एकदा डोळ्यांसमोर बसली की कोठे मोठी पैज लावावी आणि कोठे जरा हात आखडावा, हे आपोआप उमजू लागते.

लपवणे योग्य ठरते असे प्रसंगही आहेत, आणि ते याच मोजणीतून ओळखता येतात. हातात दोन राजे आणि फ्लॉपवर राजा, राजा, चव्वी आली, तर चारही राजे माझ्याकडे आहेत. कॉल करण्याजोगे समोर काही उरलेले नाही, आणि मला मागे टाकू शकेल असे पान येण्याची भीतीही जवळजवळ नाही. तेथे चेक करून समोरच्याला राणी किंवा एक्का जुळवायला वेळ द्यावा. दुसरा प्रसंग समोरच्याच्या स्वभावाचा आहे: प्रत्येक चेकवर पैज लावणारा, ब्लफ (हलक्या पत्त्यांवर पैज लावणे) आवडणारा खेळाडू असेल आणि फ्लॉप कोरडा असेल, म्हणजे एका रंगाची किंवा सलग पाने जुळत येत नसतील, तर फ्लॉपवर त्याची पैज नुसती कॉल करावी, टर्नवर तो पुन्हा पैज लावेल, तेव्हा रेझ करावी. तथापि फुकटच्या चिपांच्या टेबलावर असे खेळाडू कमी भेटतात. तेथे लोक स्वतः पैज लावत नाहीत, पण कोणतीही जोडी घेऊन रिव्हरपर्यंत कॉल करीत राहतात, आणि अशा टेबलावर हात लपवणे म्हणजे देण्यास तयार असलेल्या माणसाकडे मागायचेच नाही, असे आहे.

फ्लॉप ओला असेल, म्हणजे एका रंगाची किंवा सलग पाने जुळत येत असतील, तर लपवण्याचा विचारही करू नये. समजा माझ्याकडे तीन नव्व्या आहेत आणि फ्लॉपवर बदाम दश्शी, बदाम नव्वी आणि किलवर चव्वी आहे. समोरच्याकडे दोन बदाम असू शकतात किंवा राणी-गुलामासारखा दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेटचा (सलग पाच पानांचा) ड्रॉ, म्हणजे एका पानाने अपुरा हात, असू शकतो. बदामाचा ड्रॉ असलेल्याला न दिसलेल्या ४७ पत्त्यांपैकी ९ उपयोगी आहेत, म्हणजे पुढच्या पानावर सुमारे १९ टक्के संधी. १,००० च्या पॉटात मी २५० ची पैज लावली, तर त्याला १,५०० च्या एकूण पॉटासाठी २५० भरावे लागतात. १७ टक्के संधी असली तरी ते परवडते, म्हणजे मी त्याला कॉल करण्याचे रास्त कारण माझ्या हाताने देतो. ७०० ची पैज लावली, तर २,४०० साठी ७००, म्हणजे २९ टक्के संधी हवी. तो कॉल करेल, पण प्रत्येक वेळी तोट्यात. ड्रॉवाला पळून जावा असे मला वाटतच नसते, त्याने चुकीच्या भावाने थांबावे एवढीच अपेक्षा असते. फ्लशची (एका रंगाच्या पाच पानांची) दोन पाने असलेला फ्लॉप दिसला की मी पॉटच्या दोन तृतीयांशाखाली उतरत नाही.

टर्नवर तिसरे बदाम पडले म्हणून लगेच हात टाकण्याची गरज नसते. सेटमध्ये बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पानांत) जोडी जुळून फुल हाउस (एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पाने) होण्याची किंवा सेटच्याच किमतीचे चौथे पान येण्याची शक्यता कायम असते: फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत ती सुमारे ३३ टक्के, आणि टर्नवर काही जुळले नसेल तर शेवटच्या पानावर ४६ पैकी १०, म्हणजे जवळजवळ २२ टक्के. समोरच्याने १,००० च्या पॉटात ५०० ची पैज लावली तर मला २५ टक्के हवे असतात, आणि फुल हाउस झाल्यावर त्याचा फ्लश आणखी भरणार असतो, म्हणून कॉल योग्य ठरतो. त्याने पॉटाच्या दुप्पट पैज लावली आणि मागे फारसे शिल्लक नसेल, तर मात्र हिशेब बिघडतो आणि पत्ते सोडावेत.

जागेचा विचारही येथेच करणे बरे. वरच्या बहुतेक उदाहरणांत मी शेवटी बोलणारा होतो. मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्याला फ्लॉपनंतर आधी बोलावे लागते, आणि तेथे सेट लागला तर मी सहसा चेक-रेझ करतो, म्हणजे आधी चेक करून समोरच्याच्या पैजेवर रेझ. ६५० च्या पॉटात फ्लॉपपूर्वी रेझ करणाऱ्याने सवयीने २१५ ची पैज लावली की मी ७५० करतो. त्याने कॉल केले तर पॉट २,१५० होतो आणि मागे ८,९५० राहतात. आता दोन पॉटभर पैजा, २,१५० आणि ६,४५०, जवळजवळ सारा स्टॅक आत नेतात. मात्र समोरचा फ्लॉपवर स्वतः पैज लावत नाही असे दोनतीनदा दिसले असेल, तर चेक करून त्याची वाट पाहू नये. थेट पैज लावून सुरुवात करावी. एक फेरी फुकट गेली तर काय होते, हे वर पाहिलेच आहे.

फ्लॉपपूर्वीच्या खेळाबद्दल थोडक्यात. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात. कोणत्याही पत्त्यांच्या एका खेळाडूविरुद्ध ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, पण चौघांविरुद्ध ५६ टक्केच. म्हणून एक्के, राजे आणि राण्या घेऊन कधीही नुसता कॉल करून आत येऊ नये. मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट करावे, आधी जितके जण कॉल करून आत आले असतील तितके ब्लाइंड त्यात मिळवावेत, आणि समोरच्याने आधीच रेझ केली असेल तर तिच्या तिप्पट करावी. लहान जोडी घेऊन रेझ कॉल करताना मात्र हे ध्यानात ठेवावे की फ्लॉपवर सेट किंवा त्याहून भारी हात लागण्याची संधी सुमारे १२ टक्के असते, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. समोरच्याच्या मागे भरण्याच्या रकमेच्या किमान पंधरापट स्टॅक नसेल, तर तो कॉल मी करीत नाही.

एक्क्यांबाबत एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. फ्लॉपनंतर दोन एक्के म्हणजे एकच जोडी असते, ते सेटच्या पंगतीत बसत नाहीत. मागे ९,७०० असताना आणि पॉट ६५० चा असताना, एरवी कधीही रेझ न करणाऱ्या खेळाडूने टर्नवर एकाएकी मोठी रेझ केली, तर त्याच्याकडे दोन जोड्या किंवा सेट असण्याची शक्यता एवढी दाट असते की एक्के सोडून देणे हाच बरोबर खेळ ठरतो. भारी हाताची व्याख्या बोर्डाप्रमाणे दर पानाला बदलते: चार बदाम पडलेल्या बोर्डवर सेट दुबळा असतो, आणि बोर्डवर जोडी आली की एक्क्याचा फ्लशही सर्वोत्तम राहत नाही. प्रत्येक नव्या पानानंतर ‘या बोर्डवर सर्वांत भारी हात कोणता, आणि माझा त्यापासून किती खाली’ हे मनात म्हणावे. सुरुवातीला इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर चार वेगळ्या छटांत दाखवणारी सेटिंग वापरली, तर बोर्डवर फ्लशची शक्यता नजरेतून सुटत नाही.

ऑनलाइन टेबलावर चेहरा दिसत नसला तरी वेळ आणि आकडा दिसतात. भारी हातावर पैज लावायला दहा सेकंद आणि ब्लफला दोन, अशी तफावत राहिली, तर ध्यान देणारा प्रतिस्पर्धी ती दोन तासांत ओळखतो. म्हणून प्रत्येक निर्णयाला मी साधारण सारखाच वेळ घेतो. पैजेच्या बटणांवर आधीच ३३, ६६ आणि १०० टक्के पॉट असे आकडे भरून ठेवावेत, म्हणजे स्लायडर ओढताना हाताच्या ताकदीप्रमाणे आकडा नकळत बदलत नाही. भारी हातावर ६६ आणि ब्लफवरही ६६, असेच दिसले पाहिजे.

रिव्हरवर पान उरलेले नसते, म्हणून तेथे पैजेचा प्रश्न सर्वांत शुद्ध असतो: माझ्यापेक्षा हलके कोणते हात ही रक्कम भरतील? राजाच्या बोर्डवर राजा-गुलाम पॉटच्या तीन चतुर्थांश पैजेला येतो असे त्याच्या आधीच्या डावांवरून दिसले असेल, तर तेवढी लावावी. हुकलेला ड्रॉ कोणत्याही पैजेला येणार नाही, म्हणून त्याच्यासाठी पैज लहान करण्यात काहीच फायदा नसतो. सेट घेऊन समोरच्याच्या पैजेवर रेझ करावी की नुसते कॉल, हेही याच प्रश्नाने ठरते. शांत खेळाडूने रिव्हरवर स्वतःहून मोठी पैज लावली आणि बोर्डवर स्ट्रेट व फ्लश दोन्ही पुरे होत असतील, तर रेझला हलके हात येणारच नाहीत, तेथे कॉल करून थांबावे.

बैठक संपली की डावांचा इतिहास उघडून ज्या ज्या डावात सेट किंवा त्याहून भारी हात होता, ते डाव बाजूला काढावेत आणि प्रत्येकापुढे वहीत चार आकडे लिहावेत: फ्लॉपवरचा पॉट, मागचा स्टॅक, प्रत्यक्ष लावलेल्या पैजांची बेरीज आणि तिन्ही फेऱ्यांत दोन तृतीयांश पॉट लावला असता तर झाली असती ती बेरीज. चवथीच्या त्या डावापुढे माझ्या वहीत ६५०, ९,७००, ८०० आणि ३,७७० असे आकडे आहेत. ज्या डावात शेवटचे दोन आकडे एकमेकांपासून लांब दिसतात, तेथे फ्लॉपवर आपण काय केले होते ते आधी तपासावे.